बदलीला शाळा आहे, स्थलांतराला नाही

सरकारी नोकराच्या मुलाचे शिक्षण बदलीमुळे खंडित होऊ नये, याची तजवीज देशाने साठ वर्षांपूर्वीच केली. मजुराच्या मुलाला तोच हक्क २००९मध्ये कायद्याने मिळाला. तो अजून त्याच्या वर्गापर्यंत पोहोचलेला नाही. चेन्नईच्या उत्तर टोकाचे एन्नोर या विसंगतीची साक्ष देते.

ईशान्य भारत, बंगाल, बिहार आणि ओडिशा येथून चेन्नईला येणाऱ्या गाड्या गुम्मिडीपूंडी ओलांडून उत्तरेकडून शहरात शिरतात. शहर लागण्यापूर्वी समुद्राच्या बाजूला उंच चिमण्या, विजेचे मनोरे आणि त्यांच्यामधून वाट काढणारी खाडी दिसू लागते. हे एन्नोर. कोसस्तलैयार नदी येथे बंगालच्या उपसागराला मिळते. ‘कुप्पम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोळीवाड्यांचा हा किनारा गेल्या पाऊणशे वर्षांत उद्योगांनी व्यापून टाकला. १९४८मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचा, म्हणजे आजच्या अशोक लेलँडचा कारखाना येथलाच. १९७०मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि २०१७मध्ये ते बंद पडले. दरम्यान १९९४मध्ये खाडीपलीकडे उत्तर चेन्नई वीज केंद्र कार्यान्वित झाले, तर २००१मध्ये नवे बंदर सुरू झाले. त्या बंदराला २०१४पासून कामराज यांचे नाव आहे.

याच परिसरातील विशेष आर्थिक क्षेत्रात १,३२० मेगावॉटच्या नव्या वीज प्रकल्पाचे बांधकाम सुरू असताना ३० सप्टेंबर २०२५ रोजी पोलादी कमान कोसळली आणि नऊ मजूर मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक आसामचे होते. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी दहा लाख आणि केंद्राने दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. मृतदेह गावी पाठवण्याची व्यवस्था झाली आणि काही दिवसांतच हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून उतरला.

परप्रांतीय मजूर अपघातात दगावला की त्याचे गाव, वय आणि कुटुंब यांची नोंद एका दिवसात होते. दोन राज्यांची सरकारे एकमेकांशी बोलतात, अधिकारी विमानतळावर हजर राहतात. तोच मजूर जिवंत असताना त्याचे मूल शाळेत जाते की नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका कार्यालयात सापडत नाही. शासनव्यवस्थेची क्षमता कमी आहे असे यावरून म्हणता येणार नाही. ती क्षमता कोणासाठी आणि केव्हा वापरली जाते, हा मुद्दा आहे.

एन्नोरच्या मोठ्या बांधकामांवर येणारा कामगार बहुधा एकटाच असतो, हे खरे. तथापि मणली, तिरुवोट्रियूर ते गुम्मिडीपूंडी या औद्योगिक पट्ट्यात स्थिरावलेला कामगार कालांतराने कुटुंब आणतो; तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर तर कुटुंबच्या कुटुंब कामाला जुंपलेले असते. तमिळनाडूच्या कामगार खात्याने २०१५च्या सुमारास केलेल्या पाहणीत राज्यातील परप्रांतीय कामगारांची संख्या साडेदहा लाखांच्या घरात आढळली होती. ती पाहणी कामगारांची होती. त्यांच्यासोबत आलेल्या मुलांचा हिशेब त्या आकड्यात नाही.

दोन मुले, दोन मार्ग

समजा, सीमाशुल्क खात्यातील एक मराठी अधिकारी ऐन फेब्रुवारीत मुंबईहून चेन्नईला बदलून आला. त्याची मुलगी चौथीत आहे. ती मुंबईत केंद्रीय विद्यालयात शिकत असेल, तर चेन्नईच्या केंद्रीय विद्यालयात तिचा प्रवेश ही जवळजवळ औपचारिक बाब ठरते. पुस्तके तीच, परीक्षा तीच, माध्यमही तेच. तिच्या कुटुंबाला तमिळचे एक अक्षर येत नसले तरी तिचा एकही धडा बुडत नाही.

हे आपोआप घडलेले नाही. सतत बदल्या होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी समान अभ्यासक्रमाच्या शाळा असाव्यात, ही दुसऱ्या वेतन आयोगाची शिफारस होती. ती १९६२मध्ये मान्य झाली आणि पुढच्याच वर्षी लष्करी ठाण्यांजवळच्या वीस शाळांपासून सुरुवात झाली. आज देशात बाराशेहून अधिक केंद्रीय विद्यालये आहेत. प्रवेशाच्या प्राधान्यक्रमात पालकाच्या मागील सात वर्षांतील बदल्यांची संख्या मोजली जाते. जितक्या बदल्या अधिक, तितका हक्क प्रबळ. स्थलांतर हे मुलाचे नुकसान आहे आणि ते शासनाने भरून द्यावयाचे असते, हे तत्त्व या नियमात स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

आता दुसरे मूल पाहा. त्याच फेब्रुवारीत पश्चिम ओडिशातील बलांगीरहून एक जोडपे वीटभट्टीवर आले आहे. त्यांचा मुलगाही चौथीत होता. त्याच्या गावच्या पटावर त्याचे नाव अद्याप आहे, मात्र तो तेथे गैरहजर आहे. तो जेथे राहतो तेथील शाळेच्या पटावर त्याचे नाव नाही. गावी तो गळती झालेला विद्यार्थी ठरेल आणि येथे तो अस्तित्वातच नसेल. त्याच्या आईवडिलांनी सात वर्षांत सात भट्ट्या पाहिल्या असतील. हे सात मुक्काम प्राधान्यासाठी मोजणारा नियम कोठेही नाही. उलट प्रत्येक मुक्काम हा शाळेत न घेण्याचे एक कारण होऊन बसतो.

दोन्ही मुले भारतीय नागरिक आहेत आणि दोघांचेही पालक देशाच्या कामासाठीच घर सोडून आले आहेत. एकाच्या प्रवासाला आपण ‘बदली’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या प्रवासाला ‘स्थलांतर’. या दोन शब्दांमधील अंतर हेच त्यांच्या शिक्षणातील अंतर होय.

कायदा अपुरा नाही

कायद्यातच उणीव आहे, अशी समजूत या विषयावर बोलताना वारंवार आढळते. ती चुकीची आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदा स्थलांतरित मुलाच्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका नेमका आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला कलम ४नुसार वयानुरूप वर्गात बसवावे लागते आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. कलम ५ त्याला राज्यांतर्गत किंवा राज्याबाहेर शाळा बदलण्याचा हक्क देते. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश रोखता येत नाही आणि दाखला अडवून धरणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम १४प्रमाणे जन्मतारखेचा पुरावा नाही म्हणून आणि कलम १५प्रमाणे प्रवेशाची मुदत संपली म्हणून नकार देता येत नाही. कलम ९ तर स्थानिक प्राधिकरणावर दोन जबाबदाऱ्या टाकते. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवायची आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश निश्चित करायचा.

अडचण ‘हद्द’ या शब्दापाशी सुरू होते. कत्तिवाक्कम नगरपालिका २०११मध्ये चेन्नई महापालिकेत विलीन झाली, त्यामुळे एन्नोरची वस्ती महापालिकेच्या तिरुवोट्रियूर विभागात येते. २०१८मध्ये हा भाग चेन्नई जिल्ह्याला जोडला गेला. परंतु खाडीपलीकडचे बंदर आणि वीज केंद्रे तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आहेत. कामगार एका जिल्ह्यात राबतो, त्याची खोली दुसऱ्या जिल्ह्यात असू शकते, त्याचे रेशनकार्ड तिसऱ्या राज्यातील असते आणि ठेकेदाराचे कार्यालय आणखी कोठे तरी. मुलाच्या नोंदीची जबाबदारी कायद्याने ठरवलेली आहे. परंतु ती पार पाडली नाही म्हणून जाब विचारणारा कोणी नाही. मुलाच्या वतीने तक्रार करील असा पालक पहाटे कामावर गेलेला असतो आणि तक्रारअर्ज ज्या भाषेत लिहायचा ती भाषा त्याला येत नसते.

भाषेचा उंबरठा

भाषेचा प्रश्न किती निर्णायक आहे, हे याच परिसरातील जुन्या स्थलांतरावरून कळते. १९६२नंतर ब्रह्मदेशातील लष्करी राजवटीने उद्योग-व्यापाराचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली तमिळ कुटुंबे मद्रासला परतली. एन्नोरजवळच्या एर्णावूरमधील ‘बर्मा नगर’ हे नाव त्या परतीची आठवण जपून आहे. १९८३नंतर श्रीलंकेतील वांशिक हिंसाचारामुळे तमिळ निर्वासित आले. त्यांची एक छावणी गुम्मिडीपूंडीला आहे. छावण्यांतील मुलांना तमिळनाडूने सरकारी शाळांची दारे उघडून दिली. २०२१मध्ये राज्याने या वसाहतींचे ‘पुनर्वसन छावणी’ असे नामकरणही केले. नागरिकत्वाचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला, परंतु त्यामुळे या मुलांची प्राथमिक शाळा अडली नाही.

येथे एक विलक्षण विरोधाभास समोर येतो. परक्या देशातून आलेले परंतु तमिळ बोलणारे मूल वर्गात सामावले जाते. आपल्याच देशातील, संविधानाने हक्क दिलेले, परंतु ओडिया, असमिया वा भोजपुरी बोलणारे मूल त्याच वर्गात मागच्या बाकावर मुके होऊन बसते. शाळेच्या दारात पारपत्र कोणी विचारत नाही. वर्गात मात्र पहिल्या तासालाच भाषा विचारली जाते.

यासाठी तमिळनाडूला दोष देणे सोपे आहे आणि दिल्लीच्या राजकीय वर्तुळात तो दिलाही जातो. पण त्यात फारसे तथ्य नाही. तमिळनाडूने १९६८पासून द्विभाषा धोरण स्वीकारले असून २००६च्या कायद्याने शाळांत तमिळ शिकणे टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. महाराष्ट्रानेही २०२०मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी अनिवार्य केली. राज्याची भाषा राज्यातील प्रत्येक मुलाला यावी, ही अपेक्षा दोन्हीकडे रास्तच आहे. ज्या मुलाला मोठेपणी तेथेच राहायचे आहे, त्याच्या हिताचीही ती आहे. प्रश्न पुढचा आहे. चौथीच्या मध्यावर आलेल्या मुलाला ही भाषा कोणी, किती काळात आणि कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवायची? भाषा अनिवार्य करणारा कायदा या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तमिळनाडूतील भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांना दहावीच्या तमिळ प्रश्नपत्रिकेतून मिळालेली सूट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरासाठी वाढवली. ज्यांच्या स्वतःच्या संस्था आहेत आणि वकील आहेत, त्यांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. वीटभट्टीवरच्या मुलाचा प्रश्न मुख्याध्यापकाच्या खोलीपर्यंतही जात नाही.

सर्वांना एकच पुस्तक, एकच शिक्षक आणि एकच फळा दिला म्हणजे समानता आली, हा समज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात मोडीत काढला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांना इंग्रजी समजत नव्हते आणि शाळा त्यांना वेगळी मदत देत नव्हती. समजत नसलेल्या भाषेतील समान शिक्षण हे शिक्षण नाकारण्यासारखेच आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुण्या-नाशिकहून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यांच्या मुलांना तेथील सरकारी शाळेत इंग्रजीची विशेष शिकवणी मिळते, तिच्यामागे हा निकाल उभा आहे. तीच मुले रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जातात. यजमान समाजाची भाषा शाळा शिकवते, घरची भाषा समाज राखतो. समुद्रापलीकडे आपल्याला हे न्याय्य आणि स्वाभाविक वाटते. मग एन्नोरच्या ओडिया मुलाच्या बाबतीत त्याला कोणी ‘लाड’ म्हणू नये.

तमिळ भूमीवर मराठी माणूस स्वतः एकेकाळी बाहेरून आलेलाच होता. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापले. सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चालवलेल्या विनामूल्य शाळांत मराठीबरोबर तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी यांचीही सोय होती. पुढे राज्य गेले. मद्रासमध्ये १९१२मध्ये महरट्टा एज्युकेशन फंड उभा राहिला तो दक्षिणेतील मराठी विद्यार्थ्यांना हात देण्यासाठी. ही मंडळी तमिळ झाली आणि मराठीही राहिली, कारण त्यांना पिढ्यांचा अवधी आणि संस्थांचा आधार मिळाला. भट्टीवरच्या मुलाच्या हाती जानेवारी ते पावसाळा एवढाच अवधी असतो आणि आधार तर नसतोच. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी तमिळनाडूच्या गावोगावी गेलेल्या गलाई कुटुंबांना हा पेच नवा नाही. मुलाला सोबत न्यावे की गावी आजी-आजोबांजवळ ठेवावे, याचा निर्णय प्रत्येक घराने स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. शासन त्यात कोठेही नव्हते.

जेथे वाट सापडली

मार्ग अज्ञात आहे असेही नाही. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर ओडिया जाणणारे शिक्षक आणि ओडिशाची पाठ्यपुस्तके आणून कामाच्या ठिकाणी वर्ग चालवण्याचे प्रयत्न झाले. हंगाम संपून मूल गावी परतले तर त्याचे वर्ष वाया जाऊ नये, हा त्यामागील विचार होता. अलीकडे तमिळनाडूच्या शालेय शिक्षण खात्याने परप्रांतीय कामगारांच्या मुलांसाठी ‘तमिळ मोळि कर्पोम’, म्हणजे ‘तमिळ भाषा शिकू या’, हा उपक्रम हाती घेतला. मूल येथेच राहणार असेल तर त्याला तमिळची शिडी मिळावी, हा त्याचा हेतू. हे दोन्ही प्रयत्न परस्परपूरक आहेत. हंगामी मुलाला गावच्या शाळेशी जोडून ठेवावे लागते, तर स्थिरावणाऱ्या मुलाला येथील शाळेत रुजवावे लागते. दोघांना एकच औषध दिले तर दोघांचेही नुकसान होते. राज्याने २०२२मध्ये सुरू केलेली आणि २०२३मध्ये सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेलेली सकाळच्या न्याहारीची योजना येथे अनपेक्षितपणे उपयोगी ठरू शकते. पहाटे कामावर जाणाऱ्या आईला मुलाला शाळेत सोडण्यासाठी याहून सबळ कारण दुसरे नसेल.

केरळात एर्नाकुलम जिल्हा प्रशासनाने २०१७मध्ये ‘रोशनी’ प्रकल्प सुरू केला. मुलाची भाषा आणि मल्याळम या दोन्ही जाणणारी व्यक्ती शाळा भरण्यापूर्वी त्यांचा वर्ग घेते. आधी मुलाच्या भाषेत समजावून हळूहळू मल्याळमकडे वळायचे, अशी पद्धत आहे. सकाळची न्याहारीही तेथेच मिळते. यात महागडे तंत्रज्ञान काही नाही. शिकवणारी व्यक्ती दुभाषी आहे, हेच त्यातील भांडवल.

महाराष्ट्राचा अनुभव संमिश्र आहे. बीड, अहिल्यानगर परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आधी साखरशाळा झाल्या, नंतर मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्डही निघाले. कार्डाची कल्पना उत्तम होती. पण यांतील अनेक टोळ्या कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि महाराष्ट्राने दिलेले कार्ड कन्नड शाळेने का मानावे, याचे उत्तर त्या कार्डावर नव्हते. याउलट मुंबई महापालिकेने आठ माध्यमांच्या शाळा चालवून दाखवल्या. त्यांत तमिळ माध्यमही आहे. तमिळ मजुरांच्या पिढ्यांनी मुंबईच्या महापालिका शाळेत आपल्या मातृभाषेत धडे गिरवले. बेळगाव-कारवारच्या मराठी मुलांसाठी आपण संविधानाच्या कलम ३५०-अ चा आधार घेतो. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगणारे ते कलम धारावीतील तमिळ मुलाला आणि एन्नोरमधील ओडिया मुलालाही लागू आहे, याची आठवण आपण ठेवली तर आपला सीमाभागातील दावा अधिक बळकट होईल.

मत नाही म्हणून आवाज नाही

मग हे प्रयोग विखुरलेलेच का राहतात? याचे कारण राजकीय आहे. परप्रांतीय मजुराचे मत बहुधा त्याच्या गावी असते. जेथे तो राहतो तेथील नगरसेवकाला आणि आमदाराला त्याच्या मुलाच्या शाळेमुळे काही मिळत नाही. जेथे त्याचे मत आहे, तेथील आमदाराला पंधराशे किलोमीटरवरच्या शाळेबाबत काही करता येत नाही. २०२५मधील मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या वेळी बिहारच्या कामगारांची नावे तमिळनाडूच्या यादीत यावीत की नाही, यावर मोठे वादंग झाले. त्या गदारोळात या कामगारांच्या मुलांची नावे शाळेच्या पटावर यावीत की नाही, हा प्रश्न कोणत्याही पक्षाने विचारला नाही. मार्च २०२३मध्ये बिहारी कामगारांवर हल्ले होत असल्याच्या खोट्या चित्रफिती पसरल्या, तेव्हा दोन्ही राज्यांचे अधिकारी तातडीने एकत्र बसले होते. ही तत्परता शाळेसाठी मात्र दिसत नाही.

दुसरे कारण दिल्ली आणि चेन्नई यांच्यातील संघर्ष. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि पीएम श्री योजना यांवरील मतभेदांमुळे समग्र शिक्षा योजनेतील २०२४-२५चा तमिळनाडूचा २,१५२ कोटी रुपयांचा केंद्रीय हिस्सा अडला आणि राज्याला २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. शाळाबाह्य मुलांचे विशेष प्रशिक्षण याच समग्र शिक्षा योजनेतून चालते. हिंदी हवी की नको या वादात ज्याची घरची भाषा हिंदीही नाही आणि तमिळही नाही, अशा मुलाचा वर्गदेखील ओलीस राहतो. महाराष्ट्रानेही २०२५च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून हिंदीचा निर्णय घेऊन, बदलून, अखेर मागे घेताना असाच गोंधळ अनुभवला. त्या साऱ्या चर्चेतही स्थलांतरित मुलाचा उल्लेख क्वचितच झाला. भाषेचे राजकारण बहुसंख्यांच्या अस्मितेभोवती फिरते आणि भाषेची खरी अडचण अल्पसंख्य मुलाच्या वाट्याला येते.

काय करता येईल

मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट नोंदीची. २०२२-२३पासून शालेय माहितीची राष्ट्रीय प्रणाली विद्यार्थीनिहाय झाली असून प्रत्येक मुलाला कायम क्रमांक आहे. बलांगीरच्या पटावरील मूल तिरुवळ्ळूरच्या पटावर आले, हे संगणकाला कळू शकते. ते कळवण्याची सक्ती दोन्ही राज्यांवर हवी. रेशनकार्डाच्या बाबतीत हे साधले आहे. तमिळनाडू २०२०मध्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत सामील झाले आणि २०२२पर्यंत सर्व राज्ये त्यात आली. मजुराच्या हक्काचे धान्य त्याच्यामागून जाऊ शकते, तर त्याच्या मुलाचे पुस्तक का जाऊ नये?

दुसरी गोष्ट पैशाची. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी १९९६च्या कायद्याने गोळा होत आला. हा निधी खर्चाविना पडून राहतो, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांतही उपकर कायम आहे. हजारो कोटींच्या प्रकल्पाच्या उपकरातून त्याच प्रकल्पाभोवतीच्या शाळांसाठी काही दुभाषी शिक्षक नेमणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट दोन राज्यांच्या जबाबदारीची. मूळ राज्याने पुस्तके आणि शिक्षक पुरवावेत, कामाच्या राज्याने खोली, न्याहारी आणि आपल्या भाषेचा सेतुवर्ग द्यावा. हा करार जिल्हाधिकारी पातळीवर हंगामापूर्वीच व्हावा. महाराष्ट्राने याची सुरुवात कर्नाटकाबरोबर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी करावी. सीमाप्रश्नाच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

मराठी अधिकारी देशभर जेथे जेथे नियुक्तीवर आहेत, तेथे यांपैकी बऱ्याच गोष्टी त्यांच्या स्वाक्षरीच्या कक्षेत येतात. प्रकल्पाच्या ठेकेदाराकडून कामगारांची यादी मागवताना सोबत आलेल्या मुलांचा एक रकाना वाढवण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ज्याने आपल्या मुलांसाठी बदलीचा अर्ज आणि शाळेचा दाखला यांची जुळवाजुळव केली आहे, त्याला या रकान्याचे मोल निराळे सांगावे लागू नये.

१ मार्च २०२७ हा आगामी जनगणनेचा संदर्भदिन आहे. त्या वेळी प्रगणक एन्नोरच्या पत्र्याच्या खोल्यांतही जातील, मातृभाषा विचारतील, शेवटचा मुक्काम विचारतील आणि मूल शाळेत जाते का हेही विचारतील. उत्तरे कागदावर येतील. त्या दिवशी चौथीत असावयास हवे असलेले मूल आकडेवारी प्रसिद्ध होईपर्यंत कदाचित कामाला लागलेले असेल. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत आहे आणि हंगाम वर्षाला एकच असतो.